लिव्हर ॲक्शन रायफल: दाट झाडीसाठी तिची निवड का होते आणि नाशिकच्या उसात तिचा उपयोग का नाही?

नाशिक जिल्ह्यात बिबट्या दिसल्याचा व्हिडिओ आला की खाली दोन प्रकारच्या कमेंट हमखास येतात. पहिली, "वनखातं काय करतंय?" आणि दुसरी, "शेतकऱ्यांना बंदुका द्या, एका दिवसात प्रश्न मिटेल." त्यात कुणीतरी अमेरिकेतल्या शिकारीची क्लिप जोडतो. दाट झाडीतून चालणारा माणूस, हातात आखूड रायफल, हाताचा एक झटका आणि लगेच दुसरी गोळी. चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस भरणारी ही रायफल म्हणजे लिव्हर ॲक्शन.

ही बंदूक नेमकी कशी चालते? दाट जंगलासाठी तिलाच का निवडतात? भारतात ती ठेवता येते का? आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर, इगतपुरीच्या उसात शिरलेल्या बिबट्यासमोर ती कामाची आहे का?

लिव्हर ॲक्शन म्हणजे काय?

रायफलमधून एक गोळी सुटल्यावर तीन कामं व्हावी लागतात. रिकामं काडतूस बाहेर फेकलं गेलं पाहिजे, नवं काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत बसलं पाहिजे आणि घोडा पुन्हा ताणला गेला पाहिजे. बोल्ट ॲक्शन रायफलमध्ये हे काम बाजूची मूठ उचलून, मागे-पुढे ओढून करतात. लिव्हर ॲक्शनमध्ये चापाखालची कडी हीच तरफ असते. बोटं कडीत ठेवूनच ती खाली ढकलायची आणि परत वर आणायची. दोन हालचालींत तिन्ही कामं होतात आणि दस्ता खांद्यावरून हलवावा लागत नाही.

अमेरिकेत १८६० च्या हेन्री रायफलपासून ही पद्धत रूढ झाली. पुढे विंचेस्टर कंपनीची १८७३ ची रायफल गाजली. जॉन ब्राउनिंग यांनी रचना केलेलं विंचेस्टर मॉडेल १८९४ तर शिकाऱ्यांच्या घराघरांत पोचलं. २००६ पर्यंत त्याच्या ७० लाखांहून अधिक बंदुका बनल्या. तिची स्पर्धक असलेली मार्लिन ३३६ ही १९४८ मध्ये बाजारात आली.

दाट झाडीसाठी हीच का?

मोकळ्या माळावर शिकारी ३००-४०० मीटरवर नेम धरतो. दाट झाडीत तेवढं दिसतच नाही. जनावर ३०-५० मीटरवर, तेही दोन झाडांच्या मधल्या फटीत, क्षणभर दिसतं. त्यामुळे निवडीचे निकष बदलतात.

पहिला निकष लांबी आणि वजनाचा. या प्रकारातल्या अनेक रायफलींची नळी २० इंचांची आणि वजन ३ किलोच्या आसपास असतं. बोल्टची मूठ बाजूला आलेली नसल्यामुळे बंदूक चपटी राहते, वेलींत अडकत नाही आणि एका हातात नीट धरता येते.

दुसरा काडतुसाचा. या रायफलींचं सगळ्यात प्रसिद्ध काडतूस म्हणजे .३०-३०. त्याची गोळी साधारण १० ते ११ ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सुमारे ७०० मीटर वेगाने सुटते. १५० मीटरच्या आत हरणासाठी ती पुरेशी पडते. त्यापुढे मात्र तिचा मार्ग झपाट्याने खाली झुकतो. अस्वलासारख्या जाड जनावरासाठी .४५-७० सारखी जड गोळी घेतात, पण तिचा धक्काही खांद्याला तेवढाच जोरात बसतो.

तिसरा निकष नेमाच्या साधनाचा. जवळच्या अंतरावर मोठी दुर्बीण अडचणीची ठरते, कारण भिंगात फक्त पानं दिसतात. म्हणून साधी लोखंडी माशी किंवा कमी वाढ देणारी लहान दुर्बीण लावतात. जुन्या विंचेस्टर १८९४ मधून रिकामं काडतूस वरच्या बाजूने उडतं, त्यामुळे तिच्यावर दुर्बीण सरळ बसत नाही. मार्लिनमधून ते बाजूने उडतं, म्हणून दुर्बीण लावायची असेल तर अनेकजण मार्लिन पसंत करतात.

चौथी बाब सुरक्षिततेची आहे. बहुतेक लिव्हर ॲक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक रांगेत असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं, आणि तिथेच ठिणगी पाडणारी टोपी असते. अणकुचीदार टोकाची गोळी भरली तर धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. म्हणून या बंदुकांत चपट्या किंवा बोथट टोकाच्याच गोळ्या वापरतात.

"जड गोळी फांद्या तोडून सरळ जाते" हे खरं का?

नाही. जड आणि संथ गोळी झुडपातून सरळ जाते, हा शिकाऱ्यांमधला जुना समज आहे. प्रत्यक्षात बोटाएवढी काडीही कुठल्याही गोळीची दिशा बदलू शकते किंवा तिला आडवी पाडू शकते. जनावर फांदीच्या लगेच मागे असेल तर फरक कमी पडतो, ते काही मीटर मागे असेल तर गोळी भलतीकडेच जाते.

म्हणजे लिव्हर ॲक्शनचा फायदा झाडी भेदण्यात नाही. मोकळी फट मिळताच ती झटकन खांद्याला लागते, एवढाच तो आहे. फट मिळाली नाही तर जाणकार शिकारी गोळी झाडतच नाही. नाशिकच्या उसाकडे येताना ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

भारतातल्या जंगलात ही रायफल होती का?

होती. बेंगळुरूचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन दक्षिणेतल्या नरभक्षकांच्या मागावर जाताना .४०५ बोअरची विंचेस्टर मॉडेल १८९५ वापरत. ही लिव्हर ॲक्शनच, पण तिची काडतुसं नळीत नाही तर पेटीत बसतात. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही आफ्रिकेतल्या शिकारीसाठी हीच रायफल नेली होती. कुमाऊंचे जिम कॉर्बेट मात्र .२७५ रिग्बी ही बोल्ट ॲक्शन आणि .४५०/४०० ही दुनळी वापरत.

मॉडेल १८९५ ची रचनाही जॉन ब्राउनिंग यांचीच. हे नाव नाशिकला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते ब्राउनिंग पिस्तूल होतं.

आज नाशिकमध्ये कुणी ही रायफल घेऊन शिकारीला जाऊ शकतं का?

शिकारीला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. सुरुवातीला काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळत असत. १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचा तो दरवाजा बंद झाला. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास होतो, शिवाय दंड किमान २५ हजार रुपये. कायद्यातल्या "शिकार" या शब्दात फक्त मारणं येत नाही. पकडणं, फासे लावणं, विष घालणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं त्यात येतं. उसाच्या बांधावर तारेचा फास लावणारा माणूसही कायद्याच्या नजरेत शिकारीच असतो.

बंदूक बाळगण्याचा कायदा वेगळा, तो १९५९ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय कुठलीही बंदूक ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली. सामान्य माणसाला विदेशी बंदुका आयात करायला १९८० च्या दशकापासून बंदी आहे. त्यामुळे भारतात जी काही लिव्हर ॲक्शन शिल्लक आहे ती जुनी, आजोबा-पणजोबांच्या काळातली. ती वारसाने किंवा एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जाते. नवी रायफल हवी असेल तर सरकारी आयुध कारखान्यात बनलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल हा नेहमीचा पर्याय, आणि ती बोल्ट ॲक्शन आहे.

मग शेतकऱ्याला पीकसंरक्षणासाठी मिळते ती कोणती बंदूक?

पीकसंरक्षणासाठी कायद्यात आधी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली दुसरी बंदूक देता येते. आपल्याकडची ओळखीची बारा बोअर ती हीच. रायफलच्या नळीत पीळ असतात, गोळी फिरत लांब जाते. बारा बोअरमधून छर्रे पसरतात आणि जवळच संपतात. वस्ती असलेल्या शिवारात लांब जाणारी गोळी धोक्याची असते. उसापलीकडे पाणी धरणारा माणूस आहे की बैलगाडी, हे गोळी पाहत नाही.

पीकसंरक्षण म्हणजे पिकाचं नुकसान करणारे प्राणी. रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत राज्य सरकारने वनाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि अटींवर मुभा दिली आहे. तिथेही बंदुकीचा परवाना पुरत नाही, वनखात्याची परवानगी वेगळी लागते. बिबट्याला या मुभेत जागा नाही.

मात्र जिवावर बेतलं तर काय, याचं उत्तरही कायद्यात आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे वन्यप्राण्याला मारावं किंवा जखमी करावं लागलं, तर तो गुन्हा ठरत नाही. ही सवलत माणसाच्या जिवापुरती आहे. शेळी किंवा कालवड नेली म्हणून मागाहून शोधत जाऊन गोळी घालणं त्यात बसत नाही. त्या नुकसानीसाठी पंचनामा आणि भरपाईचा मार्ग आहे.

उसात शिरलेल्या बिबट्यासमोर वनखातं कोणती बंदूक नेतं?

बातम्यांतल्या फोटोत वनकर्मचाऱ्याच्या खांद्यावर जी लांब बंदूक दिसते, ती बहुतेक वेळा डार्ट गन असते. तिच्यात बारूद नसते. दाबाखालची हवा किंवा कार्बन डायऑक्साइड वायू तिच्यातून इंजेक्शनसारखा बाण फेकतो.

या बाणाचे दोन कप्पे असतात. पुढच्यात औषध आणि मागच्यात दाबलेली हवा. सुईचं भोक टोकाला नाही तर बाजूला असतं आणि त्यावर रबरासारखी छोटी टोपी असते. सुई कातडीत घुसली की टोपी मागे सरकते, भोक उघडतं आणि मागची हवा औषध आत ढकलते. बिबट्यासाठी बहुधा केटामीन आणि झायलाझीन यांचं मिश्रण वापरतात. मात्रा वजनावर ठरते. मादी ३०-४५ किलोची, नर ५०-७० किलोचा, आणि हा अंदाज पशुवैद्यकाला लांबूनच करायचा असतो. कमी औषध दिलं तर जनावर अर्धवट शुद्धीत उठतं, जास्त झालं तर जिवाला धोका.

बाण मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूतच बसावा लागतो. अंतर साधारण १० ते ४० मीटर. प्रत्येक अंतराला वायूचा दाब वेगळा ठेवावा लागतो. जवळून जास्त दाबाने मारला तर हाड मोडू शकतं, लांबून कमी दाबाने मारला तर बाण खालीच पडतो. आणि बाण लागला म्हणजे बिबट्या लगेच कोसळत नाही. औषध चढायला ५ ते १५ मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात चिडलेला बिबट्या गर्दीत शिरू शकतो.

जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या गंगापूर रोडजवळच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला, तेव्हा पकडापकडीत काही जण जखमी झाले होते. शहरात अशा वेळी मोबाइल घेऊन जमणारी गर्दी हीच सगळ्यात मोठी अडचण ठरते. बिबट्याला पळायची वाट उरत नाही आणि डार्ट मारणाऱ्याला मोकळी दिशा मिळत नाही.

उसात डार्ट का मारत नाहीत?

उभा ऊस माणसाच्या डोक्यावर जातो. पाचटामुळे दोन सऱ्यांपलीकडचं दिसत नाही. रायफलची गोळी काडीला लागून फिरते, मग संथ जाणाऱ्या डार्टचं काय होईल? तो पहिल्याच पात्याला अडकतो. समजा लागलाच, तर बिबट्या आत पळतो आणि कुठे झोपला हे शोधायला माणसांना उसात शिरावं लागतं. तो पूर्ण बेशुद्ध आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही.

म्हणून नाशिकच्या शिवारात पहिला उपाय पिंजरा असतो. येण्या-जाण्याच्या वाटेवर, पाऊलखुणा पाहून तो लावतात आणि वेगळ्या कप्प्यात शेळी किंवा कोंबड्या ठेवतात. त्याला वेळ लागतो, कधी आठवडे जातात, कधी भलताच बिबट्या अडकतो. विहिरीत पडलेल्या बिबट्यालाही सहसा वरून डार्ट मारत नाहीत, कारण बेशुद्ध झाला की तो बुडतो. दोराने खाट किंवा पिंजरा खाली सोडून त्याला वर घेतात.

गोळी घालायची परवानगी कधी मिळते?

पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आणि कारणांसह तसा आदेश देऊ शकतात. त्याआधी तो पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे नेता येत नाही, अशी त्यांची खात्री व्हावी लागते.

महाराष्ट्रात अशा घटना घडल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यात १३ जणांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरलेली टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली. तिला आधी बेशुद्ध करण्याचा खरा प्रयत्न झाला होता का, यावरून मोठा वाद उठला. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५ मध्ये तीन जणांचा बळी गेला. लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरमध्ये बिबट्याला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न फसल्यावर नेमबाजांनी त्याला गोळ्या घातल्या. मुलं गमावलेल्या गावाचा राग समजण्यासारखाच आहे. म्हणूनच हा आदेश कायद्यात आहे. पण तो ठरावीक जनावरासाठी आणि ठरावीक माणसांच्या हाती असतो.

सगळे बिबटे मारले किंवा हलवले तर प्रश्न मिटेल का?

शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. शेती आणि वस्तीच्या त्या भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आढळले, आणि हे बिबटे माणसांच्या जवळ राहत होते. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर काय होतं, हेही त्यांनी तपासलं. सोडलेल्या जागेच्या आसपास हल्ले वाढल्याचं दिसलं. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीतून काढलेला "आजोबा" माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. त्याच्यावरचा मराठी चित्रपट २०१४ मध्ये आला.

कारण सरळ आहे. ऊस लपायला जागा देतो, कालवा आणि नदी पाणी देते, गावातली कुत्री आणि डुकरं खाणं देतात. एक बिबट्या गेला की रिकामा इलाखा दुसरा घेतो, आणि नव्याला तिथल्या माणसांच्या वेळा ठाऊक नसतात. इगतपुरी-अकोल्याच्या महादेव कोळी वाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात, वाघाला नैवेद्य दाखवतात. तिथल्या लोकांना शेजारी कोण राहतो, हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

शेतकऱ्याने आणि मळ्यात राहणाऱ्याने काय करावं?

• बिबट्या दिसला तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा. पाठलाग करू नका, दगड मारू नका, त्याला पळायची वाट ठेवा.
• वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटतो. अंधारात उसाच्या कडेला शौचाला बसणं, वाकून काम करणं टाळा.
• तिन्हीसांजेनंतर लहान मुलांना अंगणात एकटं सोडू नका. शाळेची वाट उसातून असेल तर मुलं गटाने आणि मोठ्या माणसासोबत जाऊ द्या.
• रात्री पाण्याची पाळी असेल तर दोघं जा, हातात बॅटरी आणि काठी ठेवा, मोबाइलवर गाणी लावा किंवा बोलत राहा.
• शेळ्या-वासरं छप्पर आणि जाळी असलेल्या बंदिस्त गोठ्यात बांधा. नुसतं कुंपण बिबट्या सहज ओलांडतो.
• मेलेली जनावरं आणि कोंबड्यांची घाण मळ्याजवळ टाकू नका. तिथे कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.
• ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलून घरी नेऊ नका, सेल्फी काढू नका. काम थांबवून वनखात्याला बोलवा. बछडे त्याच जागी ठेवले तर मादी बहुधा रात्री येऊन नेते. ती सापडली नाही तर चिडून आसपास फिरत राहते.
• जनावर किंवा माणूस जखमी झाला तर लगेच कळवून पंचनामा करून घ्या. माणसाचा मृत्यू झाल्यास राज्य सरकारची मदत २५ लाख रुपये आहे.

थोडक्यात

लिव्हर ॲक्शन ही दाट झाडीत जवळून झाडायची आखूड आणि चपळ रायफल आहे. जिथे शिकार कायदेशीर आहे तिथे ती आजही निवडतात. पण तिलाही मोकळी फट लागते, आणि उभ्या उसात ती मिळत नाही. नाशिकमध्ये त्या बंदुकीने शिकार करणं गुन्हा आहे. तो गुन्हा नसता तरी उसात आंधळी झाडलेली गोळी बिबट्याला जखमी करून सोडेल, नाहीतर पलीकडच्या सरीतल्या माणसाला लागेल. जखमी बिबट्या हा गावासाठी सगळ्यात धोकादायक बिबट्या. बंद गोठा, बॅटरी, सोबतीला माणूस आणि वेळेवर केलेला एक फोन यांनी वाचलेल्या जिवांचा व्हिडिओ कुणी काढत नाही. तरी मळ्यात रात्र काढणाऱ्या घराला रोज उपयोगी पडतं ते हेच.